काल तर चालू होता!

"अहो, काल तर चालू होता!" या वाक्याला गॅरेजमध्ये फारशी किंमत नसते. मेकॅनिक मान डोलावतो, मनातल्या मनात हसतो आणि बोनेट उघडतो. माझं मत नेमकं उलट आहे. बंद पडलेल्या गाडीबद्दल मालक जे काही सांगतो, त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच असतं. फक्त ते अर्धं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे "...आणि मधे आम्ही अमुक अमुक केलं." ते बाहेर काढायला पाना उपयोगाचा नाही, वेगळंच काहीतरी लागतं. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

निमित्त आहे आमच्या शेजारच्या आजोबांच्या ट्रकचं. मी राहतो ओहायोमध्ये, आणि इथे ट्रक म्हणजे आपल्याकडचा 'हॉर्न ओके प्लीज'वाला दहा चाकी नव्हे. पुढे एक केबिन, मागे उघडा हौदा, झालं. इथल्या भाषेत पिकअप ट्रक. आजोबांचा ट्रक १९७२ सालचा शेवरले सी-१०, साडेतीनशे घनइंचाचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. पन्नाशी उलटलेला. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. आजोबा त्यातून जळाऊ लाकूड पोचवतात, घरामागच्या भाज्या शनिवारच्या बाजाराला नेतात. आजी गेल्यापासून त्यांचं घराबाहेर पडणं या ट्रकमुळेच होतं, असं म्हटलं तरी चालेल.

तर या ट्रकच्या इग्निशनचं काम झालं. पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर, आठ प्लग, आठ वायरी, सगळं नवं. काम केलं त्यांच्या नातवानं, जो वर्षभरापासून त्यांच्याकडे राहायला आहे. वय सतरा. आणि काम झाल्यावर ट्रक सुरू व्हायचा बंद झाला. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, मधूनच कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा आवाज यायचा, पण पकडायचं काही नाही.

मी आत शिरेपर्यंत तीन आठवडे उलटले होते. तेवढ्यात नवी बॅटरी आली, मग नवा सेल्फ आला, मग नवी कॉइल आली. चारेकशे डॉलर गेले. पार्टच्या दुकानातल्या कुणीतरी "इग्निशन मॉड्यूल गेलं असेल" असंही सांगितलं होतं, जे या ट्रकमध्ये मुळात नाहीच! शेवटी आजोबा "भंगारवाल्याला फोन करतो" म्हणाले, तेव्हा मला राहवलं नाही.

आता मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, मेकॅनिक नाही. पण माझ्या मामाचं सांगलीला गॅरेज होतं आणि शाळेच्या सुट्ट्यांमध्ये पाने पुसायचं काम माझ्याकडे असायचं. तिथे पेट्रोल जीप आणि पद्मिनी यायच्या. त्यांचं इग्निशन आणि या ट्रकचं इग्निशन तत्त्वानं एकच. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं बसवलेली ही पद्धत १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांमधून बाजारात आली. केटरिंगचं डेटन गाव याच ओहायोत, आणि 'डेल्को' हे नावही 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'ची आद्याक्षरं जोडून झालेलं. पुढची साठ-पासष्ट वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच पद्धतीवर चालल्या.

पद्धत सोपी आहे. बॅटरीचा करंट किल्लीतून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून पॉइंटमध्ये आणि पॉइंटमधून अर्थला. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकणारी दोन छोटी टोकं. ती टेकलेली असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. उघडली की ते एकदम कोसळतं आणि बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. ते रोटरमार्फत ज्याची पाळी असेल त्या प्लगला मिळतात आणि ठिणगी पडते. हे किती वेळा? आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला आठ हजार ठिणग्या. म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. आणि प्रत्येक ठिणगी नेमक्या वेळी. वेळ चुकली तर ठिणगी कितीही झणझणीत असली तरी कामाची नाही.

म्हणून "सुरू होत नाही" या तीन शब्दांना अर्थ नाही. ट्रक चार वेगवेगळ्या प्रकारांनी सुरू होत नाही, आणि चारांची कारणं वेगळी असतात.

किल्ली फिरवली आणि इंजिन फिरलंच नाही, तर इग्निशनकडे बघायचंच नाही. बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थिंगची वायर, सेल्फ आणि त्यावरचा सोलेनॉइड बघायचा. इंजिन फिरतंय पण हूं नाही की चूं नाही, तर बहुधा ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही. इंजिन फिरतंय आणि फटफट आवाज करत कार्ब्युरेटरमधून थुंकतंय, तर ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, फक्त वेळ चुकलेली आहे. आणि चौथा प्रकार सगळ्यात मजेदार. सेल्फ मारेपर्यंत इंजिन चालतं आणि किल्ली सोडली की मरतं. कारण पॉइंटच्या या ट्रकमध्ये कॉइलला दोन वाटांनी करंट मिळतो. सेल्फ मारताना सोलेनॉइडवरून थेट, आणि नंतर एका रोधक वायरीतून, मुद्दाम कमी करून, म्हणजे पॉइंट लवकर जळू नयेत. ही दुसरी वाट तुटली की असं होतं. आणि हे ठाऊक नसलं की माणूस बिचारा कॉइलवर कॉइल बदलत बसतो.

ठिणगी नसेल तर पुढची परीक्षा एका साध्या दिव्याची. टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या मायनसला, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट टेकतच नाहीत, किंवा टेकून करंट जात नाही (नव्या पॉइंटच्या टोकांवर कधीकधी तेलाचा पापुद्रा असतो, कोऱ्या जाड कागदानं पुसला की काम होतं). दिवा पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, किंवा पॉइंटची आतली छोटी वायर कुठेतरी पत्र्याला टेकून अर्थ झाली आहे. अगदी स्वस्तातला दिवा आणि दोन मिनिटं. त्या आधी एकही पार्ट विकत घ्यायची गरज नाही.

आजोबांचा ट्रक तिसऱ्या प्रकारात बसत होता. फटफट. तरी मी आधी खात्री केली. एक प्लग काढून, त्याच्या वायरीला लावून इंजिनला टेकवला, सेल्फ मारला. निळी, जाड ठिणगी. कार्ब्युरेटरचं तोंड उघडून अॅक्सिलरेटर हलवला तर पेट्रोलची धार दिसत होती. (इथे तोंड लांब ठेवायचं बरं का, आणि सेल्फ चालू असताना तर वाकायचंच नाही. आणि वरून बाटलीनं पेट्रोल ओतायचा जो प्रघात आहे, त्यानं भुवयाच नव्हे, चेहरे जळालेले आहेत.) म्हणजे बॅटरी, सेल्फ, कॉइल, तिन्ही नव्या खरेद्या निरपराध होत्या. मग वायरींचा क्रम. या इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा, रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. एक, तीन, पाच, सात ड्रायव्हरच्या बाजूला, बाकीचे पलीकडे. पोरानं आठही वायरी अचूक लावल्या होत्या. नीटनेटक्या, क्लिपांमध्ये अडकवून.

मी त्याला विचारलं, "काय काय बदललंस?"

"प्लग, वायरी, कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर," तो म्हणाला. पाठ केल्यासारखं. आजोबा बाजूलाच उभे होते. त्यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

आता मामाची एक गोष्ट सांगतो. गॅरेजमध्ये कुणी बंद गाडी ढकलत आणली, की मामा आधी चहा मागवायचा आणि विचारायचा, "शेवटचा हात कुठं लागला?" गिऱ्हाईक लगेच सुरू करायचं, "अवो, त्या अमक्यानं...". मामा हात वर करून थांबवायचा. "कुणी लावला ते नगं. कुठं लावला तेवढं सांग." लहानपणी मला वाटायचं मामा फार सज्जन, दुसऱ्याची निंदा ऐकायची नसते म्हणून असं करतो. खूप पुढे कळलं की तो सज्जनपणा नव्हता, ती कामाची पद्धत होती. 'कुणी'चं उत्तर मिळालं की 'कुठं'चं उत्तर मिळायचं बंद होतं. ज्यानं हात लावला तो गप्प बसतो किंवा अर्धं सांगतो, आणि मेकॅनिकचा अख्खा दिवस फुकट जातो.

तर मी पोराला पुढे काहीच विचारलं नाही. ट्रकलाच विचारायचं ठरवलं.

एक नंबरचा प्लग काढला. कॉइलची वायर सोडवली. पोराला म्हटलं, त्या भोकावर बोट घट्ट धर. आजोबांना म्हटलं, सेल्फ थोडा थोडा मारा. दोन-तीन झटक्यांत पोराचं बोट आतल्या हवेनं उडवलं. याचा अर्थ एक नंबरचा पिस्टन हवा दाबत वर येतोय. मग पान्यानं इंजिन हातानं हळूहळू फिरवून पुढच्या पुलीवरची खूण शून्यावर आणली. या क्षणी रोटरनं एक नंबरच्या वायरीकडे बघायला हवं. कॅप काढली. रोटर बरोबर उलट्या दिशेला, सहा नंबरकडे तोंड करून उभा.

ज्यांना इंजिनाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. पण पुलीवरची खूण दोन्ही वेळा शून्यावर येते! पुलीला कळत नाही कुठली वेळ आहे ते. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे तो दुसऱ्या वेळेचं धरून बसवला तर बरोबर अर्धा फेरा, १८० अंश, उलटा बसतो. मग ठिणगी पडते धूर ढकलून झाल्यावर, जेव्हा ताजं मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. ते मिश्रण बाहेरच्या बाहेर पेटतं आणि कार्ब्युरेटरमधून 'फट्'.

म्हणजेच डिस्ट्रिब्यूटर इंजिनातून बाहेर निघाला होता. वायरी क्रमानं लावलेल्या असताना असं होण्याचं दुसरं कारण मला तरी दिसत नव्हतं. मी तेवढंच म्हणालो, "हा कधीतरी बाहेर निघालाय," आणि क्लॅम्पचा बोल्ट न्याहाळत बसलो.

जरा वेळानं पोरगा म्हणाला, "पॉइंटच्या स्क्रूपर्यंत हात पोचत नव्हता. म्हणून अख्खा काढला, टेबलावर पॉइंट बसवले आणि परत लावला. खूण शून्यावर आणून लावला होता." मग खालच्या आवाजात, "तुम्ही म्हणाला होतात काढू नकोस."

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पण दर वेळी काढूनच करायचो. इतक्या मागे हात पोचतो कुणाचा?"

पुढचं काम तासाभराचं. डिस्ट्रिब्यूटर वर उचलला, अर्धा फेरा फिरवला, परत बसवला. त्याचा गिअर तिरक्या दात्यांचा असतो, खाली जाताना रोटर थोडा फिरतो, त्याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. पहिल्यांदा तो पाव इंच वर राहिला, कारण खालच्या ऑइल पंपाचा दांडा जुळत नव्हता. लांब स्क्रू-ड्रायव्हरनं दांडा थोडा फिरवला, मग बसला. नुसत्या आठही वायरी कॅपवर चार चार घरं सरकवल्या असत्या तरी ट्रक सुरू झाला असता. इंजिनाला काही फरक पडत नाही. पण पुढे कधीतरी दुसरा कुणीतरी पुस्तक उघडून हे इंजिन बघेल आणि फसेल. जुनी गाडी एकट्याची नसते, पुढच्या माणसाचीही असते, म्हणून मी ते केलं नाही. ट्रक सुरू झाला. टायमिंग लाइट लावून वेळ जुळवली, कॅपच्या खिडकीतून पॉइंटचा स्क्रू कारखान्याच्या पद्धतीनं लावला: इंजिन अडखळेपर्यंत आत, मग अर्धा फेरा मागे.

असो. आता मला जे म्हणायचं आहे ते.

पहिलं म्हणजे, या पोराचं काम निष्काळजी नव्हतं. वायरी अचूक, पॉइंट नीट, खूणही शून्यावर. त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती, की शून्य दोनदा येतं. नाणं उडवल्यासारखी निम्मी शक्यता होती आणि छाप पडायच्या जागी काटा पडला. त्यानं पहिल्याच संध्याकाळी "मी डिस्ट्रिब्यूटर काढला होता" असं म्हटलं असतं, तर कुठल्याही जुन्या मेकॅनिकनं फोनवर उत्तर दिलं असतं. तीन आठवडे आणि चारशे डॉलर त्या एका न उच्चारलेल्या वाक्यात गेले. आणि ते वाक्य न उच्चारण्याचं कारण इंजिनात नव्हतं, घरात होतं.

दुसरं म्हणजे, पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपल्याला तसं वाटतं, कारण नवा डबा फोडला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. शिवाय कुणाला काही विचारावं लागत नाही. दुकानातली वस्तू उलट बोलत नाही. पण जो पार्ट काल काम करत होता आणि ज्याला मधे कुणी हात लावला नाही, तो आज संशयित यादीत सगळ्यात खाली असायला हवा. आणि नवा म्हणजे चांगला, हेही खरं नाही. जुने पॉइंट आणि कंडेन्सर निदान गाडी चालवत तरी होते, नव्यांनी अजून काहीच सिद्ध केलेलं नाही. म्हणून गाडी सुरू होऊन आठवडाभर चालेपर्यंत काढलेले पार्ट फेकू नयेत असं माझं ठाम मत आहे.

"पण हे सगळं जुन्या गाड्यांचं झालं, आता कॉम्प्युटरच सांगतो काय बिघडलंय ते," असं कुणी म्हणेल. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या गाडीत ओबीडी-२ नावाची व्यवस्था सक्तीची आहे. यंत्र जोडलं की गाडी कोड सांगते. उदाहरणार्थ पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. छान. पण का? प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर, व्हॉल्व्ह, की काल सर्व्हिसिंग करताना नीट न बसवलेला कनेक्टर? ते कोड सांगत नाही. तो फक्त दाखवतो की कुठे दुखतंय. 'मधे काय केलं' हे आजही माणसालाच विचारावं लागतं.

आपल्याकडच्या लोकांना हे सांगायला नको खरं तर. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांनी ती सकाळी सकाळी आडवी केलेली आहे, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासलेला आहे. पण आडवी का करायची हे किती जणांना ठाऊक होतं? काका करायचे म्हणून आपण केलं. सुरू झाली की विषय संपला. उपाय पिढ्यान्‌पिढ्या पोचला, कारण मात्र वाटेत गळून गेलं. आणि कारण माहीत नसलं, की उपाय न चालल्याच्या दिवशी आपल्या हातात फक्त चिडचिड उरते, आणि ती काढायला समोर कुणीतरी लागतं.

तिसरा आणि माझ्या दृष्टीनं मुख्य मुद्दा हाच. आपल्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न 'कुणी केलं?' मिक्सर बंद पडला, कुणी लावला होता? नळ गळतोय, कुणी पिळला? ऑफिसमध्ये सर्व्हर पडला, कुणाचा कोड होता? (आणि हे फक्त आपल्याकडेच नाही, ओहायोतही तेच चाललं होतं हे वर आलंच.) हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण निदानाच्या वेळी तो विषासारखा काम करतो. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त माहिती आहे, नेमकं त्याचंच तोंड तो बंद करतो.

विमानवाल्यांना हे फार मोठी किंमत देऊन कळलं. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ उतरायला निघालेलं टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. तपासात निघालं की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच मार्गावर, त्याच सूचनेच्या तशाच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलंही होतं. पण बाकीच्या कंपन्यांपर्यंत ते पोचायला वाटच नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये नासाकडे एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकानं किंवा नियंत्रकानं आपल्याकडून काय घडलं ते तिथे कळवायचं, नाव गुप्त राहतं, आणि मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला सहसा दंड माफ होतो. लक्षात घ्या, हा अहवाल नियम बनवणाऱ्या आणि दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातो. हातात छडी असलेल्या माणसाला कुणी खरं सांगत नाही, हे त्यांनी ओळखलं. माझ्या मामानं चहा मागवून जे साधलं, तेच हे, जरा मोठ्या प्रमाणावर.

याचा अर्थ जबाबदारी कुणाचीच नाही, असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन काम करणारा मेकॅनिक तीच चूक चौथ्यांदा करत असेल तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण तो हिशेब गाडी सुरू झाल्यावर करायचा. आधी 'कुठं', मग 'कसं', आणि गरज उरलीच तर शेवटी 'कुणी'. माझा अनुभव असा, की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर तिसऱ्यात फारसा रस उरत नाही.

आणि दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. कामानंतर बिघडलं म्हणजे कामामुळेच बिघडलं, असं दर वेळी नसतं. तीन आठवडे सेल्फ मारून मारून धडधाकट बॅटरीही उतरते, प्लग पेट्रोलनं भिजतात, आणि मग मूळ दोष सापडूनही गाडी सुरू होत नाही, कारण आता नवे दोष आपणच पैदा केलेले असतात. शेवटचा हात हा पहिला संशयित, एवढंच. गुन्हेगार नव्हे. त्याची साक्ष घ्यायची, फाशी नाही द्यायची.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे स्वतः हात काळे करतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी. काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, वरून आणि दोन्ही बाजूंनी. वायरींना चिकटपट्टीवर नंबर घाला, आणि एका वेळी एकच वायर बदला. डिस्ट्रिब्यूटर काढायचाच असेल तर रोटर कुठे बघतोय त्याची खूण आधी इंजिनावर करून ठेवा आणि तो परत बसेपर्यंत इंजिन फिरवू नका. आणि प्रत्येक टप्प्यानंतर गाडी सुरू करून बघा. सहा गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड शोधायच्या सहा जागा होतात. एक बदलली की एकच.

या चारांत मी एक पाचवी घालतो, ती गाडीची नाही. घरातलं पोरगं पहिल्यांदा बोनेट उघडत असेल, तर त्याला एकदा मोठ्यानं सांगून ठेवा, की काहीही केलंस तरी चालेल, फक्त केलेलं सगळं सांग. आणि त्यानं येऊन सांगितलं, की त्या वेळी तोंडातून पहिला शब्द कुठला बाहेर पडतोय याकडे लक्ष ठेवा. कारण पुढच्या वेळी तो सांगेल की नाही, ते त्या शब्दावर ठरतं.

तुमच्या घरी 'कुणी' आधी विचारतात की 'कुठं'?